बनुबाईनं सोडलेला गूळ

उसाच्या गावात राहून गूळ सोडायचा, हे काय येरागबाळ्याचं काम न्हवं. पण बनुबाईनं सोडला. कऱ्हाडजवळ कृष्णेकाठचं गाव, घरचा ऊस. गुऱ्हाळ लागलं की पोरंसोरं काकवीनं तोंड माखून हिंडायची, आणि ही बाई बिनगुळाचा काळा चहा पीत बसायची. साखरही नको, ती तरी कुणाच्या पोटची? उसाचीच! संक्रांतीचा तीळगूळ कपाळाला लावून नातीच्या हातावर ठेवायची.

सगळं त्या एकुलत्या एका कृष्णातसाठी. तो फौजेत भरती होऊन काश्मीरला गेला, तेव्हा माहेरच्या देवीला, औंधच्या यमाईला, ती बोलली होती, "माझं लेकरू धडधाकट घरी येऊ दे. त्याच्या हातनं आमच्या रानातल्या गुळाची ढेप तुझ्या पायाशी ठेवीन. तवर माझ्या जिभंला गूळ न्हाई."

आला की कृष्णात धडधाकट! पेन्शन घेऊन, मिशीला पीळ देत आला. बनुबाईनं ढेप फडक्यात बांधून तयारच ठेवली होती.

"कवा जायाचं रं?"

"जाऊ की आई. देवी काय पळून जात्याय व्हय?"

मग घर बांधायला काढलं. मग लेकीची, शिवांजलीची, बारावी आली. मग उसाची तोड. नवी गाडी घेतली, ती गोव्याला जाऊन आली, महाबळेश्वरला जाऊन आली. तास-दीड तासाच्या वाटेवरचं औंध तेवढं तिला सापडलं नाही. काय म्हणावं आता अशा माणसाला! जुनी ढेप पाझरायला लागली की बनुबाई ती गड्यामाणसांत वाटायची आणि नवी बांधून ठेवायची. मंगळवार-शुक्रवार उपास करायची, देव्हाऱ्यापुढं बसून जोगवा गुणगुणायची. लेकाबद्दल देवीजवळसुद्धा कधी चकार शब्द काढला नाही.

सून दीपमालाच एकदा चिडली. "आवं आत्या, मीच नेते तुमास्नी. ढेप ठिऊ आन् मोकळं हू."

"न्हाई गं बाई. नवस त्याच्या नावचा हाय, त्याच्याच हातनं फिटायचा."

गेल्या श्रावणात तिनं अंथरूण धरलं. पोटात काही ठरेना. शिवांजलीनं पातळ लापशी केली आणि आज्जीला चव यावी म्हणून त्यात गुळाचा खडा घातला. पोरीच्या ध्यानात आलं नाही. चमचा टेकला तशी वासानंच म्हातारीनं ओठ गच्च मिटून घेतले. उशाशी कृष्णात बसला होता.

"आई, उद्याच जातो बघ औंधला. ढेप घिऊन जातो."

बनुबाईनं त्याच्या डोक्यावरनं हात फिरवला. "सवडीनं जा रं बाबा," म्हणाली. उजाडायच्या आत ती गेली.

दहाव्याला नदीच्या घाटावर पिंड ठेवला. म्हातारीचा जीव कशात अडकलाय ते अख्ख्या गावाला ठाऊक. आज काही कावळा लवकर शिवत नाही, म्हणून भावकी आधीच सावली बघून टेकली. कृष्णात हात जोडून पुढं झाला. पुढच्याच मंगळवारी ढेप वाहतो, आई, यमाईची आण. सगळं त्यानं मनात घोळवून ठेवलं होतं. बोलायला तोंड उघडतोय तोवर कावळा आला, पिंडाला शिवला आणि उडूनही गेला.

"सुटली गं बाय!" चुलते लालासाहेब म्हणाले. लोक कपडे झटकत उठले. कृष्णात तिथंच मटकन खाली बसला.

"ऊठ रं. भाग्याची बाई, समाधानानं गेली. मागं कसली आस ठिवली न्हाई."

"तेच की, तात्या," कृष्णातला हुंदका आवरेना. "माझ्याकडनं काय हुईल, ही आस तिनं कवाच सोडली हुती."