गेममधली म्हैस
गुरं बांधायच्या ओल्या दाव्याचा वास आला की मला माझा पहिला गेम आठवतो. तेव्हा मी मुठीत मावणारा छोटा कन्सोल घेतला होता आणि त्याच्यासाठी पायथनमध्ये गेम लिहायला शिकत होते. विषय घरचाच घेतला, आमच्या गावातला पूर. पाणी एकेक ओळ वर चढणार आणि ठिपक्यांच्या माणसानं जिन्यावरून माडी गाठायची. कोपऱ्यात गोठा आणि म्हैस काढली होती, पण नुसती शोभेला. एका रविवारी दुपारी सोप्यात बसून मी कन्सोल वडिलांच्या हातात दिला. त्यांनी माणूस जिन्याकडं नेलाच नाही. सरळ गोठ्यात नेला आणि म्हशीपाशी बटण दाबत राहिले. "आण्णा, वर चढा की, बुडतोय त्यो!" मी हसत ओरडले. "थांब गं, दावं सुटंना झालंय," ते म्हणाले. पडदा सगळा निळा झाला तरी त्यांचा अंगठा थांबेना. माझं हसू तिथंच विरलं. खरा पूर ओसरल्यापासून ते अख्ख्या गावाला सांगत आले होते, म्हस सोडली हाय, पोहत कुठंतरी काठाला लागली असंल. आई त्या भरवशावर दर बाजारी गुरांच्या गर्दीत तिची शिंगं शोधायची. आता ती पेंडीचं घमेलं घेऊन दारात उभी होती. "म्हंजे सुटलीच न्हवती व्हय?" तिनं विचारलं. वडिलांनी कन्सोल माझ्यापुढं धरला. "परत लाव," एवढंच मला म्हणाले. दावं सोडायच्या ओळी मी गेमच्या कोडमध्ये केव्हाच लिहून ठेवल्यात, पण तो कन्सोल पुन्हा त्यांच्या हातात द्यायचं धाडस अजून होत नाही.