देव नळदुर्गला असताना

आमच्या अणदूरचा खंडोबा वर्षातले काही आठवडे गावात नसतो. मार्गशीर्षात त्याची पालखी नळदुर्गला जाते आणि पौषातली तिथली जत्रा झाली की देव परत घरी येतो. दोन्ही गावांचे मानकरी तसा करार करतात. पिढ्यान्‌पिढ्या हे चालत आलंय. देव तिकडे असला की माझी माय घरात काही म्हणजे काही ठरवू द्यायची नाही. सोयरीक नाही, बैलाची खरेदी नाही, विहिरीला हात लावणं नाही. "घरधनी घरी न्हाय, आन् तुमी कारभार करता व्हय?" असं ती आबांना विचारायची. आबा गावचे पोलीस पाटील. ते हसायचे, पण बैलाचा सौदा पुढं ढकलायचे.

त्या वर्षी माझाच सौदा अडून बसला होता.

हैदराबादेत बी.ए. करून मी उन्हाळ्यात घरी आलो होतो. शिक्षण सगळं उर्दूतून. आमच्याकडे तेव्हा ठाण्याच्या फौजदाराला अमीन म्हणत. नळदुर्गच्या अमीनसाहेबांना माझं उर्दू फार आवडलं. ते आबांना म्हणाले, पोराला पोलिसात द्या, मी वर शब्द टाकतो, बघता बघता अमीन होईल. इकडे सोलापूरच्या मामांचा निरोप आला होता की असशील तसा निघून ये, पुढच्या जूनमध्ये तुला पुण्याला वकिलीला घालतो. सोलापूर काही लांब नव्हतं. पण तिथं तिरंगा लागला होता, आमच्याकडे निजामाचा अंमल होता आणि मधली हद्द दिवसेंदिवस आवळत चालली होती. आज निघता येत होतं, पुढच्या महिन्यात येईल असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नव्हतं.

आबांना मात्र माझ्या अंगावर वर्दी हवी होती. का हवी होती ते मला कळत होतं, म्हणून जास्तच राग यायचा. अमीन गावात आले की आबा पायताण काढून उभे राहायचे. साहेबांच्या घोड्याला हरभरे, साहेबांना कोंबडी, आणि साहेब ढेकर देऊन उठेपर्यंत आबा उभेच. दुसरं कारण ते फारसं बोलून दाखवत नसत. निजामाविरुद्ध लढायला हद्दीपलीकडे निघालेली पोरं आमच्या मागच्या पडवीत जेवून जायची. माय भाकरी वाढायची, नाव विचारायची नाही. गावातला एक धनगर त्यांना मेंढरांच्या वाटेनं पुढं नेऊन सोडायचा. पोलीस पाटलाच्या घरात हे चाललं होतं.

"घरात एक अमीन असला म्हंजी ह्या दाराला हात लावायची कुनाची छाती हुनार न्हाय," आबा एकदा म्हणाले.

"आन् त्योच अमीन ह्या पोरांना धराया लागला तर?" मी विचारलं. आबा उठून गोठ्यात गेले. त्यानंतर आमचं बोलणं मायमार्फतच व्हायला लागलं.

मग अमीनांचा सांगावा आला, रविवारी पोराला घेऊन या. माय म्हणाली, देव आल्याबिगर न्हाय. यावर आबांनी चांगलीच शक्कल काढली. "देव बी नळदुर्गला, ठाणं बी नळदुर्गला. आदी देवाला इचारू, मग ठाण्यात जाऊ. मग तर झालं?"

"तिथं त्यो पाव्हणा हाय," माय म्हणाली. "पाव्हण्याला घरचं इचारत न्हायत."

हे नळदुर्गकरांच्या कानावर गेलं असतं तर ते काठ्या घेऊनच आले असते. आबांनी गाडी जुंपली. रस्ताभर आम्ही दोघं बैलांशी बोललो, एकमेकांशी नाही.

देवळात जत्रेआधीची गर्दी होती. मी देवाला काहीच विचारलं नाही. आबांवर राग होता, अमीनावर होता आणि त्याच्या खुर्चीची थोडी ओढ मलाही लागली होती, म्हणून स्वतःवरही होता. पुजाऱ्यानं कपाळाला भंडारा फासला. ठाण्याच्या दारात आबांनी तो पुसायला सांगितला नाही. त्यांनी फक्त पायताण काढलं.

"बैठो मियाँ, तुम तो अब हमारे आदमी हो," अमीनसाहेब म्हणाले आणि त्यांनी मला खुर्ची दिली. आबा दाराशी उभे राहिले. बाप उभा आणि मी बसलेला, असं याआधी कधी झालं नव्हतं. मी उठू लागलो तर आबांनीच डोळ्यांनी दटावलं.

तेवढ्यात शिपायानं एका माणसाला आत आणलं. तो आमचा धनगर होता. लहानपणी मी त्याच्या खांद्यावर बसून जत्रा बघितली होती. हद्दीजवळ त्याला पकडलं होतं. अमीनसाहेबांनी माझ्यापुढं कागद आणि टाक सरकवला. तू मराठीत विचार, तो सांगेल ती जबानी उर्दूत लिही, आज तुझं काम बघू, असं ते म्हणाले. पहिलाच सवाल होता, माणसं पलीकडे नेण्याआधी अणदुरात कुणाच्या घरी जेवायला थांबतात?

तो सवाल मला माझ्याच तोंडानं मराठीत विचारायचा होता. उत्तर दाराशी अनवाणी उभं होतं.

मी विचारला.

धनगरानं आबांकडे पाहिलं नाही. "म्या मेंढरामागं आसतो, सायेब," तो म्हणाला. "मान्सं बगत न्हाय." मला साहेब म्हणाला तो. खांद्यावर घेतलेल्या पोराला.

मी लिहायला वाकलो आणि कपाळाचा भंडारा कागदावर सांडला. मी झटकायला गेलो तर पिवळा पट्टा अजून लांब उमटला.

"फिर पूछो," अमीनसाहेब म्हणाले. "जरा सख्ती से." त्यांनी टेबलावरची छडी माझ्या बाजूला सरकवली. ते रागावले नव्हते, ते मला काम शिकवत होते. मी छडीकडे बघत राहिलो. वर्दी म्हणजे ही छडी, आणि ती पहिल्यांदा आपल्याच माणसावर. मला भीती वाटली आणि तितकीच शिसारीही आली.

"सरकार," दारातून आबा म्हणाले. "पोरगं आज न्हाय लिवनार."

अमीनसाहेबांनी मान वळवली.

"आमचा देव अजून घरी आला न्हाय. देव गावात नसला की आमच्या घरात नव्या कामाला हात लावत न्हायत. बायकोची आन हाय. देव आला की आणतो पोराला."

आयुष्यभर मायच्या ज्या सोवळ्याला ते हसले, तेच त्यांनी पुढं केलं होतं. पालखीच्या बंदोबस्ताला दर वर्षी अमीनसाहेबांनाच माणसं द्यावी लागत, त्यामुळे देवाचं येणंजाणं त्यांना ठाऊक होतं. "ठीक है पाटील," ते म्हणाले. "देव के साथ लडका भी चाहिए." आबांनी मुजरा केला. मी उठलो.

गाडीनं बोरी नदी ओलांडली. मग आबा बैलांकडेच बघत म्हणाले, "मामाकडं जा. देव यायच्या आत."

घरी मायला सगळं सांगितलं. मला वाटलं, ती आता अडवणार. बैल घेऊ न देणारी बाई पोराला कशी जाऊ देईल? तिनं काटवट ओढली आणि ज्वारीचं पीठ घेतलं.

"माय, देव आला न्हाय अजून," मीच म्हणालो.

"आला की म्या सांगंन त्याला," ती म्हणाली आणि भाकरी थापायला लागली.

सोलापुरात मामांकडे एकेक दिवस मी धास्तीनं काढला. देव परतला असेल, अमीन दाराशी आले असतील, हे डोक्यातून जात नव्हतं. मग एका दुपारी अंगणात तोच धनगर येऊन उभा राहिला. काही निघेना म्हणून त्याला सोडलं होतं आणि तो मेंढरांच्याच वाटेनं आला होता. गालफडं बसली होती. मी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, अमीन आले होते का.

"आले की. पालखीसंगंच आले. तुमच्या दारात हुबं ऱ्हाऊन इचारलं, पोरगं कुठाय."

"आबा काय म्हणाले?"

"म्हनले, देव आला सरकार, पोरगं न्हाय आलं."

"आणि?"

"आन् काय," धनगर म्हणाला. "पायतान घालूनच हुबे व्हते."