सुगंधाताई आणि तिसरा नंबर

सुगंधाताई घड्याळ वापरत नसत. पळून झालं की त्या सरळ माझं मनगट धरायच्या, घड्याळ डोळ्यांजवळ न्यायच्या आणि आकडा वाचून तोंड वाकडं करायच्या. "कालच्यापेक्षा अर्धा मिनिट जास्ती? कुटं सांडला आपन?" नवऱ्याने वाढदिवसाला दिलेलं ते घड्याळ माझ्या हृदयाचे ठोकेही मोजायचं. ताईंना त्याचं कौतुक नव्हतं. "ठोके चालू हायत ना? मग झालं."

त्या तळवलीच्या. एका शाळेच्या बसमध्ये मुलांना चढवायचं-उतरवायचं काम करायच्या. बस सानपाड्यात आमच्या सोसायटीशेजारी उभी असे आणि पहिली फेरी साडेसहाला निघे. त्याआधी तासभर त्या पंजाबी ड्रेसवर, ओढणी कमरेला करकचून बांधून पळायच्या. एकदा पहिलीतलं एक पोर बसमधून उतरताच रस्त्यावर धावत सुटलं होतं. ताईंनी त्याला गाठलं, पण नंतर त्यांनाच फुटपाथवर बसावं लागलं. "पोर माजा हात धरून उभं, नि मी कुत्र्यासारकी धापतेय. त्याच दिवशी ठरवलं, आता पलायचं." तेव्हा त्या एक्केचाळीस वर्षांच्या होत्या.

मीही चाळिशीतच सुरुवात केली, डॉक्टरांनी वजन कमी करा म्हटलं म्हणून. वर्षभरात वजन बाजूला राहिलं आणि टाईम तेवढा उरला. आमच्या पळणाऱ्या बायकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी प्रत्येकीचा टाईम पडायचा. मी तो दिवसभर ऑफिसात उघडून बघायचे. दहा किलोमीटरच्या शर्यतींत माझ्या वयोगटात मी दोनदा चौथी आले होते. चौथ्या नंबरला कोणी स्टेजवर बोलावत नाही.

ताईंनी मला एका सकाळी मागे टाकलं आणि जाताजाता म्हणाल्या, "मॅडम, खांदे कानाला कशाला लावता? डोक्यावर हंडा घेतलाय कदी? मान हलली की पानी सांडतं. तसं पला." मी हंडा कधी घेतला नव्हता, पण त्या सांगतील तसं पळायला लागले. सहा महिन्यांत माझी तीन मिनिटं कमी झाली. पुढच्या शर्यतीत त्यांचं नाव मीच नोंदवलं. "मना कोन देनार बक्षीस?" असं म्हणत त्या लाजल्या, पण त्या आठवड्यात रोज दहा मिनिटं आधी येऊन उभ्या राहिल्या. शर्यतीच्या सकाळी त्यांच्या कुडत्याला नंबर मीच टाचला.

पाम बीच रोडवर पाच किलोमीटर जायचं, एका खांबाला वळसा घालायचा आणि परत यायचं. मी खांबापासून वीसेक पावलांवर असताना ताई वळसा घालून समोरून आल्या. घामाने चेहरा लखलखत होता. मला बघून ओरडल्या, "चला मॅडम, पाय उचला! पुढं दोगीच हायत!" त्या माझ्या दोन मिनिटं आधी पोचल्या. आमच्या वयोगटात त्या तिसऱ्या होत्या आणि मी पुन्हा चौथी.

निकालाच्या टेबलावर मात्र घोळ झाला. नंबराच्या मागे चिकटवलेली, वेळ नोंदवणारी चिप दुमडली असावी. वळणावरच्या यंत्राने ताईंची नोंदच घेतली नव्हती. टेबलावरचा माणूस त्यांच्या ड्रेसकडे आणि साध्या कॅनव्हासच्या बुटांकडे बघत म्हणाला, "मावशी, अर्ध्यातून फिरलात ना? खरं सांगा."

"अर्ध्यातून? अरे, पुरा वलसा घालून आलेय मी!" ताईंनी माझा दंड धरला. "ह्या मॅडम व्हत्या ना तितं. त्यांना विचार."

त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. "मॅडम, तुम्ही ह्यांना वळताना पाहिलंत? तुम्ही सांगितलंत तर मी नाव ठेवतो. नाहीतर तिसऱ्या तुम्ही."

ग्रुपमधल्या चौघीजणी मोबाईल घेऊन स्टेजपाशी उभ्या होत्या. मी म्हणाले, "गर्दी होती हो. नक्की नाही सांगता येणार."

ताईंचा हात माझ्या दंडावरून निघाला. त्या भांडल्या नाहीत. नंबराच्या टाचण्या एकेक करून काढल्या, कागद टेबलावर ठेवला आणि बसस्टॉपकडे चालू लागल्या. मी स्टेजवर गेले. फोटोत मी हसते आहे.

मी खोटं बोलले नाही, असं मी स्वतःला बरेच दिवस सांगितलं. 'नक्की नाही सांगता येणार' हे काही खोटं नव्हे. आयोजकांना मेल तीनदा लिहिला आणि तिन्ही वेळा पुसून टाकला. ताई पळायला येईनाशा झाल्या तेव्हा पहिले काही दिवस मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून टाकते. नंतर एकटीने पळवेना. शेवटी एका दुपारी मी शाळेच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले.

शाळा सुटत होती. ताई बसच्या पायरीशी उभ्या राहून मुलांची दप्तरं वर घेत होत्या.

"ताई, पळणं सोडलंत का?"

"नाय. घनसोलीच्या अंगाला पलते आता."

"इकडे का नाही येत?"

"लाज वाटते."

मला एकदम हायसं वाटलं. त्यांची समजूत घालणं सोपं होतं. "अहो, तुम्हाला कसली लाज? चूक तर त्या यंत्राची होती."

त्यांनी हातातलं दप्तर आत ठेवलं आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं.

"माजी नाय वाटत. तुमची वाटते."

माझ्यामागे मुलांची रांग खोळंबली होती.

"मॅडम, जरा बाजूला व्हा," त्या म्हणाल्या. "पोरांना चढू दे."