मल्लेश्वरीनं शेडात ट्रॉली फिरवली

मल्लेश्वरीला आनंद झाला की चालणं जमायचं नाही, ती पळायची. मेहकरला माहेरी अंगणभर पळाली, शाळेत पळाली, आणि लग्न होऊन कोहिनूर गावी आली तेव्हा उंबऱ्यावरचं माप तिनं असं उडवलं की तांदूळ पार चुलीपर्यंत गेले. सासू पोट धरून हसली, म्हणून निभावलं.

पुढं ती सोमशेखरअप्पांच्या शेडात कॉम्प्युटरवर बसू लागली. तिथं उसाच्या ट्रॉल्या बनायच्या. बीदरहून त्यांचे नकाशे यायचे, मल्लेश्वरी ते कागदावर छापायची आणि दुपारपर्यंत त्यावर ग्रीसचे इतके पंजे उमटायचे की रेघ कुठली अन् बोट कुठलं, कळायचं नाही. मग वेल्डर कल्लप्पा लांबून ओरडायचा, "अक्का, मागल्या फळीची उंची किती?" ती त्याहून मोठ्यानं ओरडून सांगायची.

शेवटी अप्पांनी शेडात तीन जुने कॉम्प्युटर मांडले आणि नकाशे उघडून बघायचं सॉफ्टवेअर घेतलं. ते सॉफ्टवेअर प्रत्येक माणसाचा ईमेल आणि पासवर्ड मागू लागलं. पत्र्याखाली इंटरनेट धड येत नव्हतं आणि कल्लप्पाला ईमेल नव्हता.

मल्लेश्वरीनं आपल्या मोबाइलचं नेट दिलं आणि सगळ्यांना मिळून एकच खातं उघडलं. कल्लप्पानं नकाशा उघडला की तिकडं दुसऱ्या वेल्डरचा, ईरण्णाचा, बंद. ईरण्णानं उघडला की कल्लप्पाचा.

"ईरण्णा, माझं कामून बंद करायलास?"

"मी कुठं करायलोय? तूच माझं घालवायलास!"

दोघं हातातली कामं टाकून एकमेकांच्या कॉम्प्युटरकडं धावले आणि मधेच धडकले. मल्लेश्वरी हसता हसता खाली बसली. उठल्यावर तिनं सॉफ्टवेअरच्या कंपनीला फोन लावला. पलीकडं संकर्षण नावाचा मराठी मुलगा होता.

"मॅडम, प्रत्येक कामगाराचं वेगळं खातं काढा."

"अहो, इथं माणूस एका जागी थांबत न्हाई. रोज कोण कुठं असंल, अप्पांनाबी ठाव न्हाई. कॉम्प्युटर तेवढा जाग्यावर ऱ्हातोय."

"मग कॉम्प्युटरच्याच नावानं परवाना घ्या ना! मी नंबर पाठवतो, तो एकदा टाका. पुढं इंटरनेट नको आणि तो माणसाला काही विचारणार नाही."

"व्हय? अन् हे आधी कामून सांगितलं न्हाई?"

"आधी कुणी विचारलं नाही," संकर्षण म्हणाला आणि तोही हसू लागला.

नकाशांचा पेनड्राइव्ह गळ्यात अडकवून मल्लेश्वरी तिन्ही कॉम्प्युटरांवर गेली. नंबर टाकला, नकाशा उघडला. नाव नाही, गाव नाही, पासवर्ड नाही. पडद्यावर आख्खी ट्रॉली उभी राहिली. तिनं माउस ओढला तशी ट्रॉली गर्रकन फिरली. शेडात एकच आरोळी उठली. कल्लप्पानं ती इतकी फिरवली की त्यालाच गरगरलं आणि तो ईरण्णाच्या खांद्याला धरून उभा राहिला.

रंगकाम करणारी गुरुबाई दारातूनच बघत होती. आजवर तिला कुणी नकाशा दाखवला नव्हता. वेगळी खाती काढली असती तरी वेल्डरांच्या नावांत तिचं नाव कशाला असतं?

"म्या हात लावला तर चालंल का?"

"लाव की मावशी, त्याला कोण बी चालतंय," मल्लेश्वरीनं तिला स्टुलावर बसवलं.

गुरुबाईनं ट्रॉली फिरवली, मोठी केली, मग उताणीच पाडली. "अगं बाई, हिला पोट बी हाय की!" ती ओरडली आणि दुपारच्या जेवणाची घंटा होईपर्यंत उठली नाही.

ट्रॉली तयार झाली. मागच्या फळीवर नेहमीसारखे गुरुबाईनं रंगवलेले पोपट होते. जनवाड्याचे गिऱ्हाईक आले, चाकं बघायला वाकले आणि वाकलेलेच राहिले. खाली, ॲक्सलच्या वरच्या पत्र्यावर, मोठं तांबडं कमळ होतं.

"इथं कोण बघणार हाय, गुरुबाई?" अप्पांनी कपाळाला हात लावला.

"कॉम्प्युटरात तर समद्यास्नी दिसतंय!"

गिऱ्हाइकांनी टोपी काढून कल्लप्पाच्या हातात दिली आणि ते पांढऱ्या धोतरानिशी ट्रॉलीखाली शिरले. आतून आवाज आला, "आणखी एक काढा की इकडं!"