बाबांच्या पानातलं मफिन

बाबांना मफिन आवडत नव्हतं.
तरी दरवर्षी त्यांच्या श्राद्धाच्या पानात आम्ही तेच वाढतो.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी नुकतीच फूड टेक्नॉलॉजी शिकून बाहेर पडले होते. बाबांना पहिला अटॅक आला आणि डॉक्टर म्हणाले, तूप-लोणी बंद.

गरम पोळीवर लोण्याचा गोळा ठेवून तो वितळताना बघत बसणारा माणूस.

मी कामाला लागले. लोण्याऐवजी कुस्करलेलं केळं, संत्र्याचा रस, साखर निम्मी. मफिनचे साचे तेव्हा नागपुरात कुठे मिळणार? बाबांचं इतवारीत भांड्यांचं दुकान. त्यांनीच एकसारख्या छोट्या वाट्या आणून दिल्या. घरात सगळे त्याला केकच म्हणायचे.

फॅट काढलं की मफिन चिवट होतं. हे मला पुस्तकातून माहीत होतं.
बाबांना खाऊन.

"कसं झालंय, बाबा?"
"मस्त हाय वं. आणखी एक दे."

प्रत्येक घासाला पाण्याचा घोट. मी पाहत होते. मनाशी फक्त 'ड्राय' म्हटलं आणि पुढच्या वेळी केळं वाढवलं.

एकदाच म्हणाले, "बेटा, वाटीले तरी लोणी लावत जा जरासं. चिपकून राहिलं ते."
"जरासं म्हणजे किती ग्रॅम?"
ते हसले. "दिवसभर दुकानात भांडेच तोलतो मी. घरी तरी तराजू बाजूले ठेव ना वं."

मी लोणी लावलं नाही.
ते वाटी चमच्याने खरवडून खात राहिले.

पुढच्या हिवाळ्यात दुसरा अटॅक. दुकानातच गेले.

तेराव्याला काका म्हणाले, "दादाले पोरीचा केक लय आवडे. दोन-दोन खाये. पानात तोच ठेवा."
सगळ्यांनी माना डोलावल्या. आई माझ्याकडे बघत राहिली.

मी सांगू शकले असते की ते आवडीने खात नव्हते.
पण मग कशासाठी खात होते, तेही सांगावं लागलं असतं.
प्रथा पडली.

लोक म्हणतात, तू त्यांच्या भल्यासाठीच केलंस. खरं आहे. पथ्य बरोबरच होतं. पण वाटीला आतून बोट फिरवायला अर्धा ग्रॅमही लोणी लागत नाही, आणि हा हिशेब मला तेव्हाही येत होता.

आज तिथी. सकाळी त्याच वाट्या काढल्या. भाची शेजारी उभी होती.
"आत्या, वाटीले किती लोणी लावून राहिली तू! मोजलं तरी का?"
"नाही."
"मग किती लावलं?"
"जरासं."

भाजून झाल्यावर वाटी उलटी केली. मफिन अलगद ताटात आलं.

बाबा, पान वाढलंय.
सावकाश जेवा.