इन्स्पेक्टरकाकांच्या गाडीचा काटा

‘कसे आहात काका?’ असं विचारलं की इन्स्पेक्टरकाका म्हणायचे, ‘तपासलेलं नाही.’ आमच्या कर्वेनगरच्या सोसायटीत नवीन आलेला माणूस यावर हसायचा आणि मग काकांचा चेहरा बघून हसू आवरायचा. ते विनोद करत नसत. कारखान्यात आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधल्या होत्या आणि निवृत्त झाल्यावर ती नोकरी घरी सुरू ठेवली होती.

ते वारले त्याला आता वर्ष होत आलं. मी अमरावतीहून नोकरीसाठी आलो आणि त्यांच्या शेजारी भाड्याने राहू लागलो, तेव्हा माझ्या दारावरची पाटी तिरकी असल्याचं त्यांनी पहिल्याच दिवशी कळवलं. मागून काकू म्हणाल्या, ‘मनावर घेऊ नका हो. जेवायला या.’ त्या घराची रीतच तशी होती. काका चूक दाखवायचे आणि काकू पानात वाढायच्या.

काकांचा जीव त्यांच्या जुन्या, फिक्या निळ्या गाडीत होता. तिला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे. डोळ्यांनी दगा दिला तेव्हा नाइलाजाने किल्ली काकूंकडे गेली. मग काकू गाडी चालवायच्या आणि शेजारी बसून काका काकूंना चालवायचे. क्लच सोड, आरसा बघ, कसली एवढी घाई. गल्लीभर ऐकू यायचं. काकू समोर बघत राहायच्या.

गेल्याच्या आदल्या हिवाळ्यात काकू गेल्या. आजार कळेपर्यंत उशीर झाला होता. काकांनी सगळे रिपोर्ट पुन्हा पुन्हा वाचले, डॉक्टरांना प्रश्न विचारून भंडावलं, पण त्यात चूक काही सापडली नाही. त्यानंतर बरेच दिवस त्यांचं दार बंदच असायचं.

डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर एका सकाळी त्यांनी मला पार्किंगमध्ये बोलावलं. इंजिन कधीचं चालू होतं, पण तापमानाचा काटा ‘थंड’च्या खुणेवरून हलत नव्हता. मला काट्यावर नजर ठेवायला सांगून त्यांनी इंजिनावरच्या सेन्सरची वायर काढली आणि लोखंडाला टेकवली. काटा सरळ लाल खुणेपर्यंत गेला. म्हणजे काटा आणि वायर दोन्ही ठीक. सेन्सर नवा आणून बसवला, तरी तेच. मग त्यांनी रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या पाइपवर हात ठेवला. इंजिन पुरतं तापेपर्यंत तो थंड राहायला हवा होता, पण सुरुवातीपासूनच कोमट होत चालला होता.

‘काटा खोटं बोलत नाहीये,’ ते म्हणाले. ‘इंजिनच तापत नाहीये.’

गाडी गार झाल्यावर त्यांनी तो पाइप इंजिनाला मिळतो तिथलं झाकण उघडलं. इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप तिथे असते. ती जागा रिकामी होती. झडप कुणीतरी नीट काढून झाकण पुन्हा बसवलं होतं.

ते तडक मला घेऊन मार्केट यार्डामागच्या त्यांच्या जुन्या मिस्त्रीकडे गेले. मिस्त्री आधी सांगेनात. शेवटी म्हणाले, वहिनी एकट्याच बहिणीकडे निघाल्या होत्या, वाटेत गाडी उकळली. झडप अडकली होती, नवी मिळेना, म्हणून काढूनच टाकली. वहिनींनी हात जोडून सांगितलं होतं, ‘यांना कळू देऊ नका. कळलं तर किल्ली काढून घेतील.’

 परतताना स्वारगेटच्या सिग्नलला काकांनी विचारलं, ‘इतकी भीती वाटायची का हो तिला माझी?’

मला त्यांच्याकडे बघवेना. मी म्हणालो, ‘वाटत असावी, काका.’

त्यांनी मान हलवली. सिग्नल सुटला.

नवी झडप मी शोधून आणतो म्हटलं, तर त्यांनी नको म्हणून सांगितलं. इंजिन असं थंड चाललं तर झिजतं, हे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्याची आठवण करून दिली तेव्हा ते म्हणाले, ‘तिने केलंय ते राहू दे.’ त्या दिवसानंतर त्यांनी कुणाची चूक काढलेली मला आठवत नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये भिंतीला टेकून बसायचे आणि सगळ्याला हो म्हणायचे. लोकांना वाटलं, म्हातारा सुधारला. मला ते बघवत नसे.

बंगळुरूला असलेला त्यांचा मुलगा त्यांना तिकडे न्यायचं म्हणत होता, तेव्हा गाडी विकायला काढली. जुन्या गाड्या जमवणारा एक तरुण कोथरूडहून आला. काकांनी दार कुठे गंजलंय, कुठला दिवा लागत नाही, सगळं त्याला फिरून दाखवलं. शेवटी बॉनेट उघडून झडप काढलेली असल्याचंही सांगितलं.

‘का काढली?’ त्याने विचारलं.

‘बायकोने काढायला लावली,’ काका म्हणाले. ‘मला घाबरून.’

तरुण मनापासून हसला. असले पुणेरी विनोद त्याला आवडत असावेत. काका हसले नाहीत. त्यांनी बॉनेट हलक्या हाताने लावलं आणि किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली.