पेकिंगमधली भाकर

संगमनेरच्या बाजारात शांतवन भाजी घ्यायला आला की डोक्याला फेटा, अंगात इस्त्रीचा कोट आणि पायात करकरणारे बूट असायचे. वीस वर्षं तो मिशनच्या बंगल्यावर खानसामा होता आणि त्याच्या पुडिंगचं नाव नगरपर्यंत गेलं होतं. भाजीवाली गोजरबाई त्याला मुद्दाम डिवचायची.

"काय शांतवनराव, आज मडमेला काय शिजवून घालनार?"

"कस्टर्ड," शांतवन म्हणायचा आणि पुढचं काही न सांगता वांगी निवडायला लागायचा.

घरी मात्र तो चुलीकडे फिरकत नसे. बंगल्यावर दिवसभर शिजवलं की घरी आयतं जेवायचं, हा त्याचा हक्क. त्याची बायको दीना भाकरी थापायची, तो पाटावर बसून वर्तमानपत्र उघडायचा, आणि ताटात भाकरी यायची. सूर्य उगवतो तशी.

सेहेचाळीस सालच्या दिवाळीनंतर बंगल्यावरच्या मडम, म्हणजे मिशन दवाखान्याच्या डॉक्टरबाई मिस हार्लो, यांनी पेकिंगला जायचं ठरवलं. त्यांची धाकटी बहीण तिथे मुलींची शाळा चालवत होती. लढाईमुळे सात वर्षं बहिणी भेटल्या नव्हत्या. डॉक्टरबाईंचं पोट नाजूक, सकाळी शांतवनच्या हातची तांदळाची पेज पोटात गेल्याशिवाय त्यांचा दिवस चालू व्हायचा नाही. म्हणून शांतवन बरोबर निघाला.

"तितं लोक काय खात्यात, ठाव हाय का तुमाला?" दीनाने विचारलं.

"मी हाय की शिजवायला."

"सोताला कोन घालंल शिजवून?"

या प्रश्नाचं उत्तर पेकिंगात मिळालं. त्याचं नाव चांग.

चांग हा धाकट्या बाईंचा स्वयंपाकी. साठीचा, उंच, हनुवटीवर मोजून दहा-बारा केस. शांतवनने त्याला पाहिलं आणि मनात म्हटलं, हा आपला चांगदेव. पण एका म्यानात दोन तलवारी कुठून राहणार? पहिल्याच दिवशी शांतवनने पातेल्यावरचं झाकण उचललं आणि चांगने ते त्याच्या हातातून काढून पुन्हा जागेवर ठेवलं. सकाळच्या पेजेपुरती चूल तुझी, बाकी माझी, असा करार नुसत्या नजरेने झाला. शांतवन मग कोपऱ्यातल्या शेगडीजवळ घोंगडी गुंडाळून बसून राहिला. थंडी अशी, की बादलीतलं पाणी फोडून घ्यावं लागे.

तिसऱ्या दिवशी चांगच्या मनात काय आलं कोण जाणे. त्याने आपला कापूस भरलेला जुना अंगरखा आणून शांतवनच्या खांद्यांवर टाकला आणि म्हणाला, "मार्केट. कम."

दोघांचंही इंग्रजी मडमांकडून शिकलेलं. चाळीसेक शब्द, त्यांतले तीस खाण्याचे. तेवढ्यावर त्यांची दोस्ती झाली.

दुपारची भांडी आटोपली की दोघे निघायचे. राजवाडा पाहिला, पिवळ्या कौलांवर बर्फाची पांढरी रेघ ओढलेला. एका चौकातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात, आणि एवढ्या मोठ्या फरसबंदीत एक झाड नाही. "आमच्याकडं असतं तर चार लिंब तरी लावले असते," शांतवन मराठीतच म्हणाला आणि चांगने मान डोलावली. निळ्या कौलांचं, एकावर एक तीन छत्र्या उघडल्यासारखं गोल देऊळ पाहिलं. शहराच्या वेशीतून कोळसा लादलेले उंट येताना पाहिले. त्यांच्या मिशांवर हिम गोठलं होतं आणि ते अगदी मामलेदारासारखे इकडेतिकडे न बघता चालले होते.

एके दिवशी चांगने त्याला गोठलेल्या तळ्याकाठी नेलं. पोरीबाळी, म्हातारे, शिपाई, सगळे त्या तळ्यावरून बिनधास्त घसरत होते. चांग चार पावलं आत गेला आणि त्याने हात केला.

"न्हाई बाबा," शांतवन काठावरून म्हणाला. "पान्यावरून चालायचं काम प्रभूचं. त्येचा शिष्य पेत्र गेला आन् बुडाया लागला."

चांगच्या काही ध्यानात आलं नाही. त्याने एक लाकडी घसरगाडी आणली, शांतवनला तिच्यावर बसवलं आणि मागून ढकललं. संगमनेरच्या मिशन बंगल्याचा खानसामा फेटा धरून, डोळे मिटून, मोठ्याने प्रभूची प्रार्थना म्हणत तळ्याच्या पलीकडे पोचला. उतरल्यावर म्हणाला, "पुन्हा!"

आणि खाणं! आपल्याकडे भट्टीवर वाळूत फुटाणे फोडतात, तशा तिथे काळ्या वाळूत तपकिरी, टणक टरफलाच्या, आत गोडूस गर असलेल्या बिया भाजत. पिंपाच्या पोटात भाजलेली रताळी, हातात धरवत नाहीत अशी. काडीला ओवलेली आंबट लाल फळं, त्यांवर पाकाची काच. मटणाचे कागदासारखे पातळ काप उकळत्या पाण्यात बुडवून खायचे, आणि वर, शांतवनचा डोळ्यांवर विश्वास बसेना, कोथिंबीर! त्याने ती हातात घेऊन हुंगली. एकदा चांगने मुगाचं आंबवलेलं पाणी पाजलं. शांतवन ते पाहुण्याच्या धर्माला जागून प्यायला, पण नंतर अर्धा मैल तो चांगशी बोलला नाही.

मात्र जिथे जातील तिथे चांगच खिशात हात घालायचा. शांतवनने पुढे केलेला हात तो बाजूला सारायचा. "गेस्ट," एवढंच म्हणायचा.

हे शांतवनला डाचू लागलं. त्याच्या दारावरून वाटसरू उपाशी गेला नव्हता. आणि इथे तो वीस दिवस दुसऱ्याच्या हातचं खात होता, त्या माणसाच्या तोंडात आपल्या हातचा एक घास घालायचं नाव नाही. निघायला दोन दिवस उरले. असंच परत गेलो तर आपल्यासारखा हलका माणूस नाही, हे त्याच्या मनाने घेतलं.

त्याच दिवशी धान्याच्या पेठेत तो थबकला. एका टोपलीत तांबूस, गोल दाणे. त्याने मूठ भरली, एक दाणा दातांखाली फोडला.

"ज्वारी! चांगदेवा, ही आमची ज्वारी हाय!"

चांगने नाक मुरडलं. "हॉर्स," तो म्हणाला. मग थोडं थांबून, "पुअर मॅन. वॉर. मदर ईट, ईट, ईट. नाऊ, नो."

लढाईच्या वर्षांत त्याच्या आईने हेच खाल्लं होतं, आता ती त्याला हात लावत नाही, एवढं शांतवनला समजलं. पण घोडा? संगमनेरापासून जामखेडापर्यंत सगळा नगर जिल्हा ज्या ज्वारीवर उभा आहे, ती घोड्याची? फेटा सरळ करून तो म्हणाला, "टुमॉरो. युवर हाऊस. आय कुक. मदर ईट."

दुसऱ्या दिवशी त्या ज्वारीचं पीठ दळून आणि थोडा ठेचा कुटून घेऊन तो चांगच्या घरी गेला. एकच खोली, तिच्यात खालून जाळ घातलेला विटांचा ओटा, आणि त्या ओट्यावर सुरकुत्यांची घडी होऊन बसलेली चांगची आई. पीठ पाहताच तिने तोंड फिरवलं.

शांतवनने कोट काढला, बाह्या वर केल्या, पिठात पाणी घातलं. गोळा केला. थापायला घेतला, तर कडेला भेगा पडल्या. सांधल्या तर मध्ये पडल्या. उचलून तव्यावर टाकायला गेला आणि अर्धी तव्यात, अर्धी चुलीत. दुसरीचंही तेच. तिसरी तर हातातच सुटली.

आणि मग, परक्या देशात, पिठाचे हात हवेत धरून, शांतवनच्या लक्षात आलं की आपण जन्मात कधी भाकरी केलेली नाही. पुडिंग, कटलेट, बिस्किटं, सगळं केलं. भाकरी नाही. ती ताटात यायची. त्याने दीनाला हजारदा थापताना ऐकलं होतं, पाहिलं एकदाही नव्हतं. आवाज तेवढा आठवत होता. आणि तिचं एक वाक्य, गिरणीवाल्यावर चिडून म्हटलेलं: "जुनं पीठ दिलं मेल्यानं, इरी न्हाई त्याला." विरी, म्हणजे पिठाचा चिकटपणा, नसेल तर ती काहीतरी करायची. काय करायची? वर्तमानपत्र मध्ये होतं.

"हॉर्स," चांग हळूच म्हणाला. पण तो हसत नव्हता. पाहुण्याची फजिती त्यालाच लागली होती.

हसली ती म्हातारी. ओट्यावरून खदखदून हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग भिंतीला धरत, लहानपणी बांधून खुंटवलेल्या इवल्याशा पावलांवर डुलत खाली आली, शांतवनला कोपराने बाजूला केलं आणि लेकाला काहीतरी फर्मावलं. चांगने किटली आणली. म्हातारीने ते उकळतं पाणी पिठावर ओतलं, काडीने ढवळलं, वाफ जिरू दिली, आणि असं मळलं की गोळा मेणासारखा झाला.

उकड! दीना पाणी उकळून घ्यायची ते यासाठी!

"आता सरा आजी," शांतवन म्हणाला. "पुढचं मी करतो."

दीनाच्या हातांचा आवाज आठवून त्याने ताल धरला. थप, थप, फिरव. थप, थप, फिरव. भाकरी गोल झाली नाही, थोडी पारनेरच्या बाजूला वाढलेल्या नगर जिल्ह्याच्या नकाशासारखी झाली. पण अखंड झाली. तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला, उलटली, मग निखाऱ्याशी धरली. एका बाजूने ती फुगली. दुसरी बाजू तशीच राहिली.

त्याने ती लाल मिरची-लसणाच्या ठेच्याबरोबर म्हातारीपुढे ठेवली. हात जोडावेत की नाही ते न कळून तसाच उभा राहिला.

म्हातारीने भाकरीकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने फुगलेल्या बाजूचा पापुद्रा सोलला, ठेच्याला टेकवला, तोंडात टाकला. दात नव्हते, वेळ लागला. दुसरा तुकडा तोडला. तिसरा तोडून तिने लेकाच्या तोंडात कोंबला आणि काहीतरी म्हणाली.

"काय म्हनली?" शांतवनने विचारलं.

चांग शब्द शोधू लागला. चाळिसांत तो सापडेना. शेवटी त्याने भाकरीच्या न फुगलेल्या कडेवर बोट ठेवलं. "मदर से, हिअर, नो गुड." मग मोकळ्या परातीकडे बोट दाखवलं. "मदर से, वन मोअर."

शांतवन किटली उचलायला गेला, पण म्हातारीने ती आधीच आपल्याकडे ओढली होती. पाणी तिने ओतलं, थापायला तो बसला, आणि चांग, जन्मात पहिल्यांदाच, दुसऱ्याच्या स्वयंपाकाला जाळ घालत राहिला.